सबकूल्ड बॉइलिंगचा संच: यंत्र चोख, पुस्तिका कच्ची

नळीतलं पाणी जेमतेम 70 अंशांवर, तरी तापलेल्या भिंतीवर बुडबुडे उठतात आणि आतल्या थंड पाण्यात शिरताच विरतात. चहाचं आधण उकळायच्या आधी सूं सूं करतं, ते हेच. यालाच सबकूल्ड बॉइलिंग म्हणतात: पाणी उत्कलनबिंदूच्या खाली, पण भिंत त्याच्या वर. हा प्रयोग दाखवणारा संच गोव्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांनी घ्यायला हरकत नाही. सोबतच्या पुस्तिकेवर आणि एक्सेल शीटवर मात्र विसंबू नये.

नळी स्टेनलेस स्टीलची, आतून 8 मिमी, जाडी 1 मिमी, तापणारी लांबी 300 मिमी. बाहेरून 2 किलोवॅटचा हीटर, पॉवर कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटवर. रोटामीटर (पाण्याचा प्रवाह मोजणारी नळी) मिनिटाला 2 लिटरवर ठेवला की पाणी साधारण 14.5 अंशांनी तापायला हवं. 13च दिसले तर दहा टक्के उष्णता बाहेर चाललीय. ग्लासवूल आवळून बांधा. नळी संपते तिथेच काच बसवलीय, हे उत्तम केलंय.

खरी गोची थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांची. ते नळीच्या बाहेरच्या अंगाला आहेत, आणि पुस्तिका तोच आकडा आतल्या भिंतीचं तापमान म्हणून घेते. पूर्ण पॉवरला दर चौरस मीटरमागे सुमारे 265 किलोवॅट उष्णता जाते. स्टीलची ती 1 मिमी भिंत ओलांडताना तापमान 15 अंशांनी उतरतं. बर्गलस-रोसेनाव यांच्या 1964च्या सूत्राने बुडबुडे सुरू व्हायला भिंत उत्कलनबिंदूच्या जेमतेम 7 अंश वर लागते. म्हणजे मोजायच्या गोष्टीपेक्षा चूकच दुप्पट! दर रीडिंगमधून हे अंश वजा करा; पॉवर अर्धी असेल तर साडेसात.

पुस्तिकेत उत्कलनबिंदू 98 छापलाय. तो घाटावरचा, पुण्याच्या उंचीचा. आपण दर्याकाठी, इथे 100. दोन अंशांनी काय होतं? आतली भिंत 108 असेल तर भिंत आणि उत्कलनबिंदू यांतला फरक 10 नव्हे, 8. बुडबुड्यांची उष्णता ढोबळमानाने या फरकाच्या घनावर चालते, म्हणून उत्तर जवळपास दुप्पट येतं. पाणी बाहेर पडतं तिथला व्हॉल्व्ह आवळून गेज 0.2 बार दाखवत असेल तर उत्कलनबिंदू 105 धरा.

एक्सेलमध्ये चेनचं 1966चं सूत्र आहे; ते वाहत्या पाण्याने नेलेली आणि बुडबुड्यांनी नेलेली उष्णता अशा दोन पदांची बेरीज करतं. पण दोन्ही पदांना तापमानाचा एकच फरक लावलाय. वाहत्या पाण्याच्या पदाला भिंत वजा पाणी आणि बुडबुड्यांच्या पदाला भिंत वजा उत्कलनबिंदू, असं दुरुस्त करून घ्या. पाणी सबकूल्ड असताना F (वाहत्या पाण्याच्या पदाचा गुणक) सरळ 1.

डिस्टिल्ड पाणीच भरा आणि रीडिंगआधी टाकी अर्धा तास उकळू द्या. नाहीतर विरघळलेली हवा आधीच बुडबुडे काढते आणि उकळणं सुरू झालं असं वाटतं. ते बुडबुडे विरत नाहीत, काचेतून ओळखू येतात.

थर्मोकपलचे टर्मिनल उघडे आहेत. पावसाळ्याआधी झाकण बसवून घ्या.