पहिली परदेशवारी: शेंगेनसाठी थांबायचं की आधी मालदीव उरकायचं?

पासपोर्ट काढून तीन वर्षं झाली तरी माझ्या पासपोर्टवर एक शिक्का नव्हता. मोबाईलमध्ये प्राग, लिस्बन, आल्प्समधल्या ट्रेन असं काय काय सेव्ह करून ठेवलेलं, आणि दरवेळी गाडी व्हिसापाशी येऊन अडायची. शेवटी आधी मालदीव केलं, मग युरोप. तुमचंही घोडं इथेच अडलं असेल तर वाचा.

शेंगेन म्हणजे युरोपातल्या देशांचा सामायिक व्हिसा. त्याचा मोठा फायदा म्हणजे एका व्हिसावर 29 देश, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत. पण तो मिळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. फी मोठ्या माणसाला 90 युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस, पण ते 45 पर्यंत ताणू शकतात, आणि तोवर ऑफिसात सुट्टी मागायची कुठल्या तोंडाने. शिवाय किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स पाहिजे, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर 3 महिने तरी चालणारा हवा. आणि हो, अपॉइंटमेंट पटकन मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नका, जिथे जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा असतो.

माझा पहिला अर्ज नाकारला गेला. कारण काय, तर छापील फॉर्मवर एका चौकोनात टिक, की प्रवासाचा हेतू आणि राहण्याची सोय नीट दाखवलेली नाही. कागद पुन्हा काढून बघितले तेव्हा कळलं, एका रात्रीचं हॉटेल बुकिंगच नव्हतं, कारण ती रात्र मी ट्रेनमध्ये काढणार होतो आणि ट्रेनचं तिकीट जोडायचंच राहिलं होतं. नकार त्याच्यामुळेच आला का देव जाणे, पण पुढच्या वेळी एकेका रात्रीचा तक्ता करून पुरावे लावले आणि व्हिसा आला.

मालदीवला यातलं काहीच नाही. जवळपास कुठल्याही देशाचा पासपोर्ट असू दे, विमानतळावर 30 दिवसांचा व्हिसा फुकट. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवायचं, आणि विमानाच्या आधी 96 तासांच्या आत सरकारी साईटवर एक फॉर्म भरायचा, तोही फुकट, त्याचे पैसे मागणारी साईट दिसली तर बंद करा.

मालदीव म्हणजे फक्त श्रीमंतांचं हा गैरसमज आहे. रिसॉर्ट सोडा आणि माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घ्या, खर्च बराच खाली येतो. तिथे दारू मिळत नाही आणि बिकिनीसाठी वेगळा बीच असतो, एवढं लक्षात ठेवा. सीप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने) गाठायच्या लांबच्या रिसॉर्टलाच जायचं असेल तर ती फक्त दिवसाउजेडी उडतात, तुमचं विमान संध्याकाळी उतरलं की एक रात्र राजधानी मालेजवळ काढावी लागते आणि तो खर्च पॅकेजच्या जाहिरातीत सहसा दिसत नाही.

पण खरं सांगू का, चौथ्या दिवशी मी कंटाळलो. गुडघाभर पाण्यात पायाजवळून शार्कचं पिल्लू गेलं तेव्हा अंगावर काटा आला होता, ते अजून आठवतं, पण मला जुन्या गल्ल्यांत चालायचं होतं आणि ते बेट अर्ध्या तासात चालून संपलं.

म्हणून माझं मत असं. सुट्टीच्या तारखा पक्क्या असतील, हलवता येत नसतील, किंवा नुसतं एकदा देशाबाहेर पाऊल टाकायचंय असं असेल तर मालदीव. डोक्यात फक्त युरोपच असेल आणि तारखा मागेपुढे चालणार असतील तर मधे मालदीवचा खर्च करू नका, सरळ अर्ज करा. पासपोर्टवर आधी एखादा शिक्का असला की शेंगेन सोपं जातं असं बरेच जण सांगतील, माझा नकार मालदीवच्या शिक्क्यासकटच आला होता.