पाच पंखे, एक जाळी आणि नवतपा: आर्क्टिक पी१२ वर्षभर वापरल्यावर

हिंगणघाटजवळच्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, सातबारा, पीक विमा, काय म्हणाल ते. आमचा सगळ्यात गर्दीचा काळ म्हणजे मे-जून. दहावी-बारावीच्या पोरांना दाखले तेव्हाच लागतात आणि ऊनही तेव्हाच जीव घेतं. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. तिथून आम्ही काही हिमालयात नाही. गेल्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एका पोरीचा फॉर्म भरत होते. बापाच्या मोबाईलवर ओटीपी आला, मी पहिले तीन आकडे टाकले आणि सीपीयू बसला. बसला म्हणजे बंदच. दहा मिनिटं चालू व्हायला तयार नाही.

"ताई, मशीन काऊन झोपली वो?" बापानं विचारलं.

मी डब्याला हात लावला, तर वरचा पत्रा तव्यासारखा.

मशीन तशी बरी आहे. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, त्याच्यावर कंपनीचाच छोटा कूलर. चूक कॅबिनेटची, आणि ते पसंत करणारी मी. दुकानात समोर काच, काचेमागे रंग बदलणारे तीन पंखे, असं गणपतीच्या मखरासारखं दिसत होतं, भाळले. कंपनीचं नाव सांगत बसत नाही, असल्या डब्यांनी बाजार भरला आहे. काच आणि पंखा यांच्यात बोटभर फट, हवा यायची ती तेवढ्यातूनच. म्हणजे पंखे फिरत होते, पण आतलीच गरम हवा आत घोळवत होते.

हे मला खोलीतल्या पाण्याच्या कूलरवरून कळलं. पुण्याकडचा पाहुणा आला की रात्री कूलर लावून दारं-खिडक्या गच्च बंद करून झोपतो आणि तासाभरात अंग चिकचिक करतं म्हणून उठून बसतो. आपल्याकडच्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत येणार कुठून? माझ्या डब्याचं नेमकं उलटं होतं. मागून वाट होती, पुढून नव्हती. दुकानदार म्हणाला, अजून दोन पंखे लावा. पंखे वाढवून काय करू, दाराला कुलूप असताना?

तर आधी कुलूप काढलं. समोरची काच चार स्क्रूंवर होती. ती उतरवली आणि त्या मापाची लोखंडी चौकट गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. चौकटीवर खिडकीला लावतात ती डासांची नायलॉन जाळी ताणून बसवली. आमच्याकडे जाळी हवीच. दिवाळीपासून पुढे जिनिंग सुरू झाली की हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या पट्ट्यांत ते आधी अडकतात, मग त्यांच्यावर धूळ बसते आणि दोन्ही मिळून वाकळीसारखा थर तयार होतो. मी प्रोसेसरवरचा कूलर काढला तेव्हा पंख्याखालून असा थर अख्खा चिमटीत उचलून आला. डब्याच्या खाली पॉवर सप्लायची जाळी तर पूर्ण बंद. मशीन अचानक बसायची ती बहुतेक त्यामुळेच, कारण प्रोसेसर तापला तर आधी नुसता मंदावतो. या ५६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे, तिथे पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. स्कॅन केलेला कागद अपलोड व्हायला वेळ लागला की मी इंटरनेटला शिव्या घालत होते, त्यातल्या निम्म्या बिचाऱ्याला फुकट बसल्या.

आता पंख्यांकडे येते. आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम पीएसटी, १२० मिलिमीटरचे, पाच नगांचा संच. पीडब्ल्यूएम म्हणजे मदरबोर्डच्या इशाऱ्यावर वेग बदलणारे. मला तीन हजारांच्या आसपास पडला. आमच्या पिनकोडवर पार्सल येत नाही, म्हणून हिंगणघाटला नणंदेच्या पत्त्यावर मागवला. हेच का घेतले, तर यांचा वेग मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांत कमी-जास्त होतो आणि जाळी, फिल्टर असा अडथळा समोर असला तरी हवा रेटण्यासाठी यांची पाती बनवलेली आहेत. मोकळ्यात खूप हवा फेकणारे पंखे जाळीमागे गेले की ढेपाळतात. रुईच्या गावात जाळी काढता येत नाही, म्हणून हे.

पीएसटी म्हणजे काय, तर प्रत्येक पंख्याच्या वायरीलाच पुढच्या पंख्यासाठी जोड दिलेला असतो. एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात, आगगाडीच्या डब्यांसारखं. मदरबोर्डवर पंख्याच्या पिना थोड्या असतात, त्यामुळे ही फार कामाची गोष्ट. एक पंखा एक-दीड वॅट खातो, त्यामुळे तीन पंखे एका जोडावर सुखाने चालतात आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरलाही कळत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, मात्र त्या जोडाचा मोड पीडब्ल्यूएम करून घ्या. माझा आपोआप झाला नाही, पहिले दोन दिवस पंखे एकाच वेगात घरघरत होते.

बसवले ते भाच्याने. दोन समोर आत घेणारे, एक मागे बाहेर टाकणारा. पोराने पहिली पाच मिनिटं पंखे उलटसुलट करून पाहिले आणि तोंड पाडलं. "मावशी, यात लाईटच नाही आहेत न वो!" नाहीतच. काळे कुळकुळीत, चक्कीच्या पट्ट्यासारखे साधे. मला त्याचा आनंद, त्याला दुःख.

डबा बंद करून मी उदबत्ती लावली. भाचा म्हणे, पूजा करतेस का? जाळीसमोर उदबत्ती धरली. खालच्या पंख्यापाशी धूर सरळ आत ओढला जात होता, एखाद्याने दोरी खेचावी तसा. वरच्या पंख्यापाशी तोच धूर माझ्या तोंडावर आला. पोराने वरचा पंखा उलटा बसवला होता. पंख्याच्या मधल्या स्टिकरला ज्या बाजूने चार काड्या आधार देतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तो फिरवला. मग मागे, ग्राफिक कार्डाच्या रिकाम्या फटींपाशी उदबत्ती नेली. धूर तिथून बाहेर ढकलला जात होता. हेच हवं होतं. दोन पंखे हवा आत घेतात, एकच बाहेर टाकतो, म्हणून जास्तीची हवा फटींतून बाहेर पडते आणि त्या वाटेने फुफाटा आत शिरत नाही. जे आत येईल ते जाळीतूनच येईल.

आता आकडे. दुकानात भिंतीवर घड्याळातलं थर्मामीटर आहे. तिन्ही वेळा खोली ३६ अंशांवर असताना आणि मशीनवर सारखंच काम टाकून पाहिलं. काहीच केलं नव्हतं तेव्हा प्रोसेसर ९३. रुई काढून, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जुनी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली, वाटाण्याएवढी, तर ८३. काचेच्या जागी जाळी आणि हे तीन पंखे, तर ७२. म्हणजे दहा अंश ब्रश आणि पेस्टचे, अकरा अंश वाट मोकळी केल्याचे. नवे पंखे न घेता नुसती काच काढली असती तर त्यातले किती मिळाले असते, ते मी वेगळं मोजलं नाही, तेवढी चूक माझी. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने आधी ब्रश उचलावा. ब्लोअर मारायचा तर सीपीयू बंद करून अंगणात न्या आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर हवेच्या झोताने पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

आणि एक. पंखा एसी नाही. खोली ४२ असेल तर डब्यात हवा ४२ चीच जाणार. तुम्ही पाचाचे दहा लावा, खोलीपेक्षा थंड काही होत नाही. खोली थंड करायला कूलर आहे, पण म्हणून सीपीयू कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. आमच्या शेजारच्या गावातल्या केंद्रवाल्याने तेच केलं होतं. खस ओली झाली की बारीक तुषार उडतात, आमचं पाणी खारं, आणि त्याच्या मदरबोर्डवर पांढरे डाग पडले होते. माझा सीपीयू कूलरच्या बाजूला टेबलावर आहे, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर पुढे. कूलरसमोरची खिडकी उघडी.

या वर्षीचा नवतपा निघाला. मशीन एकदाही बसली नाही. जाळी जिनिंगच्या दिवसांत दर रविवारी जुन्या टूथब्रशने झाडावी लागते. बारीक धूळ तिच्यातून जातेच, ती वर्षातून दोनदा उघडून काढते. पंख्यांना पाचापैकी पाच दिले असते, पण बहुतेकांना तीनच लागतात आणि पाचाचा संच गळ्यात मारून घ्यावा लागतो, म्हणून साडेचार.

चौथा पंखा भाच्याने नेला. पाचवा जुन्या राऊटरच्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरला जोडून इंटरनेटच्या डबीवर ठेवला आहे, कारण तीही तापायची. वेग कमी-जास्त करायला सांगणारी वायर जोडलेली नाही, त्यामुळे तो दिवसभर पूर्ण वेगात फिरतो. दुपारी सातबाऱ्याला आलेले एक बुढेबाबा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात, टोपी मांडीवर ठेवतात आणि नंबर आला तरी उठत नाहीत.