प्रेस शॉपमधले कान आणि हाय-रेझ प्लेअर: आठ महिन्यांनंतर

आधी माझ्या कानांबद्दल सांगतो. मी सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत प्रेस शॉपला (यंत्राने पत्रा दाबून भाग काढतात तिथे) आहे, २१ वर्षं झाली. कंपनीत दरवर्षी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) होते आणि माझ्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो, म्हणजे त्या उंचीचे सूर मला कमी ऐकू येतात. आवाजात काम करणाऱ्यांना बहुतेक तिथेच पडतो. त्यात कॉलेजला असताना चार वर्षं ढोल पथकात होतो. तेव्हा कानात प्लग घालायचे असतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यामुळे ‘वरचे सूर जास्त मोकळे वाटतात’ असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

दिवाळीच्या बोनसमधून साधारण १६ हजारांचा हाय-रेझ प्लेअर (सीडीपेक्षा बारकाईने नोंदलेल्या फाइलही वाजवणारं, गाण्यांसाठीचं वेगळं यंत्र) आणि साडेचार हजारांचे वायरवाले इन-इअर (कानाच्या भोकात बसणारे इअरफोन) घेतले. कंपन्यांची नावं लिहीत नाही. हे मॉडेल वर्षभरात बदलतात आणि मी तक्रारीही करणार आहे. ॲपलने २०२२ मध्ये आयपॉड बंद केला तेव्हा मला वाटलं होतं, वेगळ्या प्लेअरचा जमाना संपला. पण माझ्या फोनला हेडफोनचं भोक नाही, आणि नाशिकच्या द्वारका चौकातून कंपनीच्या बसमध्ये बसलो की मालकंस रंगात येतो न येतो तोच सुपरवायझरचा फोन येतो. खरं कारण एवढंच.

खरेदीला आधी नाशिकच्याच एम.जी. रोडला गेलो. हाय-रेझ प्लेअर म्हटल्यावर एका पोराने ब्लूटूथ स्पीकर काढून दाखवला. त्याचा दोष नाही, रोज नेकबँड विकणाऱ्याने दुसरं काय दाखवावं? शेवटी सकाळच्या पंचवटीने मुंबई गाठली. तिथल्या दुकानात एसीच्या शांत खोलीत दीड तास ऐकू दिलं, आणि तिथेच मी फसलो. ओपन-बॅक हेडफोन डोक्यावर चढवले, दोन तानपुरे दोन बाजूंना वेगवेगळे ऐकू आले, गवयाने श्वास घेतलेला कळला. घेऊन टाकले. सोमवारी बसमध्ये लावले तर डिझेल इंजिनच्या घरघरीखाली तानपुरे गडप. वर शेजारचे भाऊ म्हणाले, “राव, मलाही ऐकू येतंय, जरा चांगलं लावा की.” ओपन-बॅकच्या कपांना मागून जाळी असते, आवाज आतबाहेर दोन्हीकडे जातो. हे वाचलं होतं, पण त्या खोलीत आठवलं नाही. म्हणून मग इन-इअर.

इन-इअरचं सगळं गणित रबरी टिप्सवर आहे. पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, यांना बेसच नाही, तबल्याचा डग्गा पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. मग कळलं की माझ्या दोन कानांची भोकं सारखी नाहीत. डावीकडे मध्यम, उजवीकडे मोठी टिप लावली आणि डग्ग्याची घिस्सा जागेवर आली. फट राहिली की सगळ्यात आधी खालचा आवाज पळतो, आणि बसची घरघरही त्याच पट्ट्यातली, म्हणजे जायला हवं ते राहतं आणि राहायला हवं ते जातं. आता फोमच्या टिप्स वापरतो. दाबून घालायच्या, अर्धा मिनिट फुगू द्यायच्या. दोन-तीन महिन्यांत मऊपणा जातो, बदलाव्या लागतात. याचा मोठा फायदा म्हणजे प्लेअरचा आवाज आता पूर्वीच्या निम्म्यावर पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सुरक्षित ऐकण्याचा हिशेब आठवड्याला ४० तास ८० डेसिबलचा आहे. प्रेस शॉपमध्ये इअर मफ घालून आठ तास काढल्यावर त्यातलं कितीसं उरत असेल!

आता फॉरमॅटचं. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, त्यात साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. तरण्या कानाची मर्यादा २० ची, आणि मला ४७ व्या वर्षी फोनवरच्या टोन ॲपमध्ये १२ च्या पुढे शांतता. तरी खात्री करावी म्हणून मुलाला कामाला लावलं. एकाच गाण्याच्या दोन फाइल, एक मूळ आणि एक दाबून लहान केलेला एमपी३ (केबीपीएसचा आकडा लहान तितका जास्त दाबलेला), आवाजाची पातळी सारखी करून (किंचित मोठा आवाज नेहमीच ‘चांगला’ वाटतो), मला न सांगता सोळा वेळा वाजवल्या. १२८ केबीपीएसचा एमपी३ मी चौदा वेळा ओळखला. ३२० चा नऊ वेळा, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. सीडी आणि २४ बिटच्या, म्हणजे हाय-रेझच्या, परीक्षेला मी बसलोच नाही. तरी फाइल फ्लॅकमध्येच (यात मूळ आवाजातलं काही गळत नाही) ठेवतो, कारण त्यातून पुढे हवा तो फॉरमॅट काढता येतो. तासाभराला ३००-३५० एमबी लागतात. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये घेणाऱ्यांना मात्र माझा नमस्कार. खरखर फार सुंदर ऐकू येते.

मग प्लेअर कशाला? इन-इअरसाठी फोनला हजार-बाराशेचा डोंगल (हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) लावला तरी आवाजात मला फरक सांगता येत नाही. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे, म्हणजे विजेला जास्त अडवणारे, हेडफोन असतील तर जास्त व्होल्टेजचा उपयोग, माझे इन-इअर ३२ ओहमचे. पैसे मोजले ते बटणांसाठी. खिशात हात घालून, न बघता गाणं बदलतं. बॅटरी २० तास लिहिली होती, मला १२-१३ मिळतात. आठवड्यातून एकदा चार्जिंग, चालतंय.

माझी खरी चिडचीड देवनागरीवर आहे. मी फोल्डरना मराठीत नावं देतो. या यंत्रात अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाऊन बसते. ‘किशोरी’ची ‘क’ मोकळी पडते आणि तिची वेलांटी ‘श’च्या डोक्यावर. विठ्ठलाची तर वाट लागते. दोन अपडेट आले, चिनी, कोरियन नीट झालं, आपलं तसंच. कंपनीला फोटोसकट मेल केला, उत्तरात इंग्रजी नावं ठेवण्याचा सल्ला आला. ९० जीबीची नावं इंग्रजी लिपीत बदलायला तीन रविवार गेले. घेण्याआधी आपल्याच मेमरी कार्डवर दोन मराठी फोल्डर टाकून बघा, दुकानात कुणी दाखवणार नाही.

त्या कार्डाचीही एक गंमत. स्वस्तातलं ५१२ जीबीचं कार्ड मागवलं होतं. नावं सगळी दिसायची, अर्ध्याच्या पुढची गाणी वाजायची नाहीत. नकली कार्ड लेबलावर ५१२ सांगतं, आत जागा तेवढी नसतेच. तपासायची सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आल्या आल्या पूर्ण भरून बघावं. आता १२८ चं खरं कार्ड आहे आणि पुरतंय.

आणखी एक, जरा लाजिरवाणं. एप्रिलमध्ये डाव्या बाजूचा आवाज बसला. वॉरंटीचं बिल शोधलं, तक्रारीचा मेल लिहायला घेतला, तेवढ्यात बायकोने भिंगातून इन-इअरच्या नळीची जाळी पाहिली आणि म्हणाली, “अहो, मळ आहे.” मऊ कोरडा ब्रश, दोन मिनिटं, आवाज परत.

प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये ४००० हर्ट्झपाशी तीन डेसिबल वाढवूनही पाहिलं, खड्डा भरावा म्हणून. सरोदचा आघात ठसठशीत झाला, पण बसच्या वाटेतलं शिंदे-पळसे येईपर्यंत कान दुखायला लागले. काढून टाकलं. ओपन-बॅक आता मुलाकडे आहेत, रात्री अभ्यासाच्या नावाखाली. यंदाची ऑडिओमेट्री पुढच्या महिन्यात आहे.