ट्रेलर ओढायला पिकअप की एसयूव्ही?

राहण्याची सोय असलेला ट्रेलर ठरला, पण ओढायला पिकअप घ्यावी की मोठी एसयूव्ही, या पेचात एक मित्र आहे. जाहिरातीत ठळक छापलेला ओढण्याच्या क्षमतेचा आकडा त्याने आधी बाजूला ठेवावा. गाडी अडते ती बहुतेकदा भारक्षमतेवर, म्हणजे माणसं, सामान आणि हूकवरचा भार मिळून गाडी स्वतःवर किती वजन पेलू शकते त्यावर.

भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार थेट गाडीच्या हूकवर येतो. 2,500 किलोचा ट्रेलर धरा. 12 टक्क्यांनी 300 किलो झाले. एसयूव्हीची भारक्षमता चालकासह 550 किलो असेल, तर उरले 250. चार मोठी माणसं बसली की तेही संपले, आणि बॅगा अजून खालीच आहेत. पिकअपमध्ये इथे बहुधा हात मोकळा राहतो. तरी दोन्हींत दाराच्या चौकटीवरचं भारक्षमतेचं लेबल स्वतः वाचाच.

पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर पिकअपमध्ये सहसा जास्त असतं, त्यामुळे आडव्या वाऱ्यात ट्रेलर डुलू लागला तरी गाडी कमी खेचली जाते. हूकवरचा भार पुढच्या-मागच्या चाकांवर विभागणारा हूक एसयूव्हीला मदत करतो, पण गाडीची भारमर्यादा वाढवत नाही. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक मात्र दोन्हींना हवेतच.

रोजच्या वापरात एसयूव्हीच सरस. पार्किंग सोपं, सामान कोरडं आणि कुलपात.

ट्रेलर हलका, सहली मोजक्या आणि गाडी रोज घरच्यांसाठी लागणार असेल तर एसयूव्ही घ्या. ट्रेलर दोन टनांच्या वर, रस्ता घाटाचा आणि मुक्काम लांबचे असतील तर पिकअपच.