नाताळच्या गोठ्याचा सेट घेताय? आधी बाळ गव्हाणीतून सुटं निघतं का ते बघा

दोन नाताळ वापरून झाल्यावर हा रिव्ह्यू लिहितेय. या वर्षी, २०२५ ला, आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या वाट बघण्याच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरलाच आलाय आणि दोनतीन मैत्रिणींनी विचारलं की घरात लहान मुलं आहेत, गोठ्याच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, मूर्तींचा सेट कसला घेऊ. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. आम्ही वसईचे, मोठी सहा वर्षांची, धाकटा साडेतीनचा, आणि सासूसासरे सोबत.

आमचा सेट २०२३ चा. वांद्र्याला हिल रोडवर डिसेंबरात जे स्टॉल लागतात त्यातल्या एकावरून घेतला. तेरा नग आहेत: येशूचे आईवडील मरिया आणि योसेफ, बाळ येशू, गव्हाणी वेगळी, त्याला भेटायला आलेले तीन राजे, एक मेंढपाळ, एक देवदूत, बैल, गाढव आणि दोन मेंढ्या. फायबरचा आहे, आतून पोकळ, उभ्या मूर्ती साधारण पाच इंचाच्या. सांगितले २२०० रुपये, दिले १९००. उंट सेटमध्ये नव्हता, तो वेगळा ३५० ला घेतला कारण मोठी हट्टालाच पेटली की राजे चालत कसे येणार एवढ्या लांबून, आणि मला ते पटलं.

आता बाळाचं. त्याच्या आदल्या वर्षी ऑनलाइन एक सेट मागवलेला, फोटोत फार सुंदर दिसत होता, आला तेव्हा बघते तर बाळ गव्हाणीला चिकटलेलंच, एकाच साच्यातून काढलेलं. मी लगेच मेसेज केला, तर उत्तर आलं की डिझाइनच तसं आहे मॅडम, डिफेक्ट नाही. आता ज्यांच्या घरी गोठा होत नाही त्यांना वाटेल यात काय एवढं. पण आमच्याकडे गोठा मांडतात तेव्हा गव्हाणी रिकामी असते, बाळ त्यात येतं ते २४ तारखेच्या रात्री, मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, घरी आल्यावर. तोपर्यंत मरिया आणि योसेफ रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसलेले असतात आणि मुलंही त्यांच्यासोबत वाट बघतात. लहान मुलाला आगमनकाळ म्हणजे काय हे शब्दांत सांगता येत नाही हो, चार रविवार, चार मेणबत्त्या, जांभळा रंग, तिसऱ्या रविवारी गुलाबी, हे सगळं आपण सांगतो आणि ते मान हलवतात, पण रिकामी गव्हाणी दिसली की दोन वर्षांच्या पोरालाही कळतं की कोणीतरी यायचंय. आणि त्या सेटमध्ये बाळ पहिल्या दिवसापासून तिथेच. मी त्यावर रुमाल टाकून बघितला, तर मोठी तेव्हा तीन वर्षांची, येता जाता रुमाल उचलून बघायची आणि म्हणायची आहे ना, आलाय ना तो. ते वर्ष माझ्या मनाला फार लागलं. वर तो सेट प्लास्टरचा, पहिल्याच आठवड्यात गाढवाचा कान गेला आणि आतली पांढरी भुकटी फरशीभर. तेव्हा धाकटा रांगत होता, हाताला लागेल ते तोंडात घालायचा, मी सेट उचलून माळ्यावर टाकला आणि त्या नाताळला गोठ्यात नुसत्या कागदाच्या मूर्ती ठेवल्या.

म्हणून २०२३ ला ठरवलं की हातात घेऊन बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. ३ डिसेंबरला पहिला रविवार होता, सकाळी फादरनी प्रवचनात सांगितलं की असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावात १२२३ साली नाताळच्या रात्री खरा बैल, खरं गाढव आणि गवत भरलेली गव्हाणी आणून गोठा केला त्याला यंदा ८०० वर्षं होतायत. मोठीच्या डोक्यात ते खरं गवत पक्कं बसलं. दुपारी लोकलने वांद्र्याला गेलो, स्टॉलवाल्या काकूंनी एकेक मूर्ती तिच्या हातात दिली, पडली तरी चालेल म्हणाल्या, आणि एक मेंढी खरंच पडली फुटपाथवर, काही झालं नाही. तिथेच सेट पक्का केला.

खरं गवत आमच्याकडे आहेच. भातकापणी झाल्यावर पेंढा शेजारच्या वाडीतून मिळतो, सासरे दरवर्षी एक छोटी पेंढी आणून ओट्यावर ठेवतात. त्याचा आम्ही नियम केलाय, मुलांनी दिवसभरात एखादं चांगलं काम केलं की संध्याकाळच्या प्रार्थनेला एक काडी गव्हाणीत ठेवायची, बाळाला मऊ लागलं पाहिजे म्हणून. ही पद्धत माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेली. या सेटची गव्हाणी त्यासाठी एकदम योग्य आहे कारण ती आतून खोलगट आहे, दीडएक इंच, बऱ्याच सेटमध्ये गव्हाणी नुसती चपटी असते आणि गवत आधीच रंगवलेलं असतं, त्यात काडी राहतच नाही. गेल्या वर्षी धाकट्याने स्वतःची वाटीतली शेवटची सुकेळी (वाळवलेलं केळं) ताईला दिली आणि काडी ठेवायला धावत गेला, ती काडी त्याच्या हातापेक्षा लांब होती, मोडून दे म्हणाला आणि दोन तुकडे दोन वेळा ठेवू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

मूर्तींच्या कामाबद्दल. चेहरे चांगले आहेत, मरियेचा चेहरा तर फारच शांत आहे, डोळे खाली गव्हाणीकडे वळलेले, त्यामुळे गव्हाणी समोर कुठेही ठेवली तरी ती तिकडेच बघतेय असं वाटतं. योसेफच्या हातातली काठी वेगळी नाही, अंगाला जोडलेली आहे, हे लहान मुलांच्या घरात बरं, सुटी काठी असती तर दुसऱ्या दिवशी सापडली नसती. बैल बसलेला आहे, गाढव उभं. मोठीने विचारलं यांना बाळ बघायला कोणी बोलावलं, तेव्हा तिला सांगितलं की शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, जन्माच्या गोष्टीत बैल आणि गाढव यांचं नावच नाही, ते बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून आलेत, तिथे म्हटलंय की बैल धन्याला ओळखतो आणि गाढवालाही मालकाची गव्हाण ठाऊक असते. तेव्हापासून ती या दोघांना सगळ्यात पुढे ठेवते, राजांच्याही पुढे, आणि मी बदलत नाही.

गोठा मात्र रेडीमेड घेऊ नका. त्याच स्टॉलवर लाकडी शेड ९०० ला जास्तीची होती, आम्ही नाही घेतली. सासरे बांबूच्या कामट्या आणि झावळ्या घेऊन दोन संध्याकाळी बसतात, मुलं सुतळी धरतात, सोडतात, परत धरतात, वेळ तिप्पट लागतो, पण तेच तर करायचं असतं. पाच इंचाच्या मूर्तींना आतून निदान दहा इंच उंची धरा, नाहीतर देवदूत टांगायला जागा उरत नाही. बाजूला सासरे छोटी विहीर आणि रहाट करतात, त्यांच्या लहानपणी वाडीत होता तसा, रहाट म्हणजे काय हे माझ्या मुलांना त्या गोठ्यामुळेच कळलं. धाकटा स्वतःचा जेसीबी आणून मेंढपाळाशेजारी लावतो. राहू दे म्हटलं, बाळाला भेटायला जो तो आपलं जे असेल ते घेऊनच येतो.

हिरवळीला नाचणी पेरा, बाजारातलं प्लास्टिकचं गवत नको. रात्रभर भिजवायची, पसरट ट्रेमध्ये बोटभर मातीवर दाट पसरायची, वरून ओला कपडा, मोड जमिनीला धरले की कपडा काढायचा आणि दिवसातून दोनदा हाताने पाणी शिंपडायचं. आम्ही १४-१५ तारखेला पेरतो, म्हणजे नोव्हेना, नाताळआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, १६ ला सुरू होते तेव्हा पांढरे मोड दिसायला लागतात आणि २४ ला बारीक केसांसारखं हिरवंगार होतं. पाणी घालायचं काम धाकट्याचं. पहिल्या वर्षी जास्त पाण्याने अर्धा ट्रे कुजला, तेव्हा त्याला वाटीऐवजी ओला कापूस पिळायला दिला, ते बरोबर जमलं. आणि एक महत्त्वाचं, पेंढा आणि झावळ्या असल्या की गोठ्यात पेटती पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको, पिवळ्या एलईडीची माळ लावा, तीही झोपताना बंद.

राजांची गंमत या सेटमुळे सुरू झाली, कारण तिन्ही सुटे आहेत आणि तिन्ही उभे, चालल्यासारखे. १६ तारखेला ते फ्रिजवर असतात, तिथून रोज रात्री एक मुक्काम पुढे. मोठी मुक्काम ठरवते, धाकटा उंटाला चारा ठेवतो. गेल्या वर्षी एक मुक्काम कलकल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) तळत होतो त्या दिवशी ओट्यावर होता, सासूबाई काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळवत होत्या आणि मुलांनी पहिला घाणा निघाल्यावर तीन कलकल तिघांपुढे ठेवले, उंटाला वेगळा. मत्तयच्या शुभवर्तमानात राजे किती होते ते दिलेलंच नाही बरं का, भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणून आपण तीन धरतो. मोठीला हे सांगितल्यापासून ती म्हणते मग चौथा वाटेत असेल आणि कधी कधी खिडकीत बघते. गोठ्यापाशी ते पोचतात ६ जानेवारीला, त्यामुळे २५ ला सगळं संपलं असं घराला वाटत नाही. एकत्र जोडलेले राजे असलेला सेट असेल तर हे काहीच करता येणार नाही, तेव्हा तेही बघून घ्या.

आता दोष. पहिला, नवीन असताना रंगाचा वास फार होता, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवल्यावर गेला. दुसरा, सोनेरी रंग टिकत नाही, एका राजाचा मुकुट दुसऱ्या वर्षीच पांढरा पडला कारण मुलं त्याला डोक्यालाच धरून उचलतात, आम्ही ब्रशने परत सोनेरी केला. तिसरा, एका मेंढीचं बूड सपाट नाही, ती कलंडायची, पॉलिश पेपरवर घासून बसवली. चौथा, देवदूताच्या पाठीचा हुक हलतो, त्यावर विश्वास ठेवू नका, मी मासेमारीचा दोरा पंखांखालून घेऊन बांधलाय. पाचवा आणि सगळ्यात मोठा, बाळ जेमतेम दीड इंचाचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात सहज जाईल. आमच्याकडे तसंही २४ पर्यंत ते सासूबाईंच्या कपाटात असतं आणि नंतर मोठं माणूस जवळ असल्याशिवाय गव्हाणी खाली घेत नाही, पण घरात दीड दोन वर्षांचं मूल असेल तर आठ इंची सेटच घ्या, पैसे जास्त जातील, जाऊ देत. आणि बाळ अगदी गोरं गुलाबी का असतं नेहमी हेही मला खटकतं, आमची मुलं सावळी आहेत, एखादा कारागीर सावळं बाळ करत असेल तर मी दुसरा सेट घेईन.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार. दोन वर्षांत एकही तुकडा तुटला नाही, आणि मुलांना हात लावू नको असं मला एकदाही म्हणावं लागलं नाही, माझ्यासाठी हीच खरी किंमत वसूल. काचेच्या कपाटात ठेवायचा नाजूक सेट घेऊन मुलांना लांबून दाखवायचा असेल तर त्यापेक्षा चिकणमातीच्या मूर्ती त्यांच्याकडून करून घ्या, त्या चांगल्या.

खोक्याचं मात्र काही खरं नाही, पातळ पुठ्ठा आणि आतला थर्माकोल पहिल्याच वर्षी चुरा झाला. मी आता अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेक मूर्ती जुन्या मोज्यात घालून ठेवते. बाळ तेवढं वेगळं, ते धाकट्याच्या जुन्या बाळोत्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून ठेवलंय. हे मी काही विचार करून केलं नव्हतं, कपाटात हाताला तो तुकडा लागला म्हणून. गेल्या नाताळच्या मिस्सामध्ये फादरनी लूकचं शुभवर्तमान वाचलं, तिने त्याला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले, तेव्हा मोठीने माझा हात ओढला आणि कानात म्हणाली, आई, आपल्यासारखंच. धाकटा तेव्हा पप्पाच्या खांद्यावर झोपला होता. घरी आल्यावर तो जागा झालाच नाही, मग सासूबाईंनी बाळ कपाटातून आणलं, ताईने बाळोतं सोडलं, आणि आम्ही झोपेतच त्याच्या मुठीत बाळ देऊन त्याच्या हाताने गव्हाणीत ठेवलं, काड्यांवर.