नौपाड्यातील सागरी माशांचे दुकान

ठाण्यात गोड्या पाण्यातील मासे विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्यातील जीव जबाबदारीने सांभाळून विकणारी मात्र मोजकीच, आणि नौपाड्यातील एका गल्लीतले हे छोटे दुकान त्यांत मोडते.

ग्राहकांचे पाय सर्वाधिक रेंगाळतात ते मँडरीन या निळ्या माशाच्या टाकीपाशी. बहुतेक प्राण्यांचा निळेपणा त्वचेतील सूक्ष्म रचनांवर प्रकाश विखुरल्याने दिसतो. नारिंगी नागमोडी पट्ट्यांच्या या माशाच्या पेशींत मात्र खरोखरच निळे रंगद्रव्य असते. त्याला खवले नसतात, त्यांच्याऐवजी अंगभर चिकट, दुर्गंधी स्राव असतो. इतका देखणा मासा घरी न्यावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण तो दिवसभर कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव टिपत असतो, तयार खाद्याला बहुधा तोंड लावत नाही आणि हे जीव पुरेसे नसलेल्या नव्या टाकीत हळूहळू उपासमारीने मरतो. मालकांनी आधी आमच्या टाकीचे वय विचारले आणि ती नवी असल्याचे कळताच मासा देण्यास नम्रपणे नकार दिला. मला या दुकानाची सर्वांत मोठी गुणवत्ता हीच वाटते.

त्याऐवजी त्यांनी क्लाउनफिशची लहान-मोठी जोडी सुचवली. हे मासे जन्मतः नर असतात. जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे एकाच आकाराचे दोन मोठे मासे घेतल्यास भांडणे होतात, हेही त्यांनी समजावले. जोडी टाकीतच पैदास झालेली होती. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात प्रवाळखडकांवरील मासे पकडण्यासाठी सायनाइड वापरल्याची उदाहरणे असल्याने, थोडे अधिक पैसे मोजूनही टाकीत पैदास झालेलेच मासे घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असलेले समुद्रघोडे आणि जिवंत पोवळी येथे विक्रीस ठेवलेली नाहीत. सजावटीची पोवळी कृत्रिम आहेत.

लायनफिशची टाकी मात्र त्याच्या आकाराला अपुरी आहे. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असूनही तेथे सूचनाफलक नाही. लहान मुले काचेला हात लावून उभी राहतात, म्हणून तो तातडीने लावावा. पहिली टाकी उभारणाऱ्यांनी गर्दीची रविवार संध्याकाळ टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, म्हणजे पाण्याची क्षारता मोजण्यापासून सारे निवांतपणे विचारता येते.