‘जाम बोल्ट सोडवले’ म्हणून बिल लावलं, प्रत्यक्षात गॅस कटर चालवला

जुनी गाडी रिस्टोरेशनला टाकणार असाल तर हे नीट वाचा. रंगात, क्रोममध्ये, सीटकव्हरमध्ये फसवलं तर निदान डोळ्यांना दिसतं. गंजलेल्या नट-बोल्टांच्या कामात फसवलं तर काहीच दिसत नाही. काम उरकलं की सगळं पुटी (पत्र्याचे खड्डे भरायची लुकण) आणि काळ्या अंडरबॉडी कोटिंगखाली जातं, आणि बोल्ट कसा निघाला हे फक्त काढणाऱ्यालाच माहीत असतं. माझ्यासारखे पैसे आणखी कुणाचे जाऊ नयेत, आणि मुख्य म्हणजे कुणाचा जीव धोक्यात येऊ नये, म्हणून लिहितोय.

गाडी काकांची, 1969 सालची फियाट 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे याच गाडीची पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली, आणि माझ्या ओळखीतल्याच कितीतरी लोकांना आपापल्या शेडमधली फियाट आठवली. आमची रत्नागिरीला होती. खाऱ्या हवेत इतकी वर्षं उभी, त्यामुळे खालचा एकही बोल्ट सरळ निघणार नाही हे उघडच होतं.

पुण्यातल्या एका गॅरेजने अंदाजपत्रक दिलं. त्यात एक ओळ होती : ‘जाम बोल्ट सोडवणे, प्रति नग 350 रुपये, इम्पोर्टेड ऑइल वेगळे.’ हा दर मला आजही गैर वाटत नाही. जाम बोल्ट हे खरोखर वेळखाऊ काम आहे. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये तेवढी जागा नसते, म्हणून नट आवळला जातो. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यायचे म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत शिरतं. मग बारा कोनी नाही, सहा कोनी सॉकेट लावायचा. आधी जरासा आवळायचा, मग सोडायचा, पुन्हा आवळायचा. नाहीच हलला तर नट तापवायचा, गरम असताना मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. ज्याला हे काम येतं तो एकेका बोल्टावर अर्धा दिवस घालवतो, आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत.

आमच्या गॅरेजवाल्याने पैसे याच कामाचे घेतले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे : वाटीत तेलात बुडवलेले बोल्ट, गॅस टॉर्चच्या ज्योतीने लाल झालेला नट. शेवटी त्याने एक पिशवीही दिली. ‘तुमचे ओरिजिनल बोल्ट, सर. घासून, प्लेटिंग करून ठेवलेत. झिजले होते म्हणून नवे टाकले.’

गाडी घेऊन निघालो. कराडच्या पुढे मागच्या डाव्या बाजूने खट् खट् आवाज यायला लागला. कोल्हापुरात ओळखीच्या एका वयस्कर मेस्त्रींकडे गाडी रॅम्पवर चढवली. त्यांनी हातात साधा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळचं, म्हणजे पाटा बॉडीला जोडणाऱ्या दुव्याजवळचं काळं कोटिंग खरवडलं. कोटिंगखाली पुटी, पुटीखाली जळका निळसर पत्रा. जिथे बोल्ट रबरी बुशच्या लोखंडी नळीत गंजून बसला होता, तिथे तो सोडवलाच नव्हता. गॅस कटरने ब्रॅकेटसकट कापला होता. वर पट्टी ठेवून चार टाके वेल्डिंग मारलं होतं, आणि त्यातले दोन सुटले होते.

हे किती भयंकर आहे ते सांगतो. या फियाटला जीपसारखी वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. पाट्यांचा सगळा भार त्या पत्र्यावर येतो. तो पत्रा कापून, जाळून, पुटी भरून कुणी गाडी घाटात पाठवत असेल, तर ती नुसती पैशांची फसवणूक उरत नाही. आम्ही पुढे आंबा घाटाने उतरणार होतो. गाडीत काकू होत्या.

मग मेस्त्रींनी ती पिशवी मागितली. एक बोल्ट उचलून त्यावर तेराचा पाना लावला. पाना डोक्यावर हलत होता. त्यांनी अर्ध्या इंचाचा पाना लावला, तो चपखल बसला. मग आठ एमएमचा नट फिरवून पाहिला. दोन आटे गेला आणि अडकला. म्हणाले, ‘सायेब, हे बोल्ट ह्या गाडीचं न्हवंच. फियाट सगळी एमएममध्ये. हे इंची माप हाय, जुन्या जीपचं नाहीतर अँबॅसिडरचं.’ म्हणजे फोटोतले बोल्टही दुसऱ्याच गाडीचे होते. आमच्या गाडीला जे नवे टाकले होते त्यांच्या डोक्यावर काहीच छापलेलं नव्हतं. जिथे भार येतो तिथल्या मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा त्याहून वरचा आकडा असायलाच हवा; कोरं डोकं म्हणजे त्याच्या ताकदीची कसलीही हमी नाही. शिवाय फियाटमध्ये दहा एमएमचे बरेच बोल्ट सव्वा एमएम पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतात आणि बाजारात सर्रास मिळतो तो दीडचा. आमच्याकडे दीडचे बोल्ट सव्वाच्या आट्यात जोर लावून बसवले होते. दोन ठिकाणी आटेच गेले.

इंजिनाच्या हेडला धुराड्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या दोन स्टडचीही (बिनडोक्याच्या बोल्टांची) तीच गत. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचे. असे दोन धातू वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिले की एकमेकांना धरून ठेवतात. स्टड आतच तुटले होते. ते होतं, चांगल्या कारागिराकडूनही होतं. त्यावर इलाज आहे : तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो बाहेर काढणं, किंवा बरोबर मध्यावर ड्रिल करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवणं. इथे तुटके तुकडे इपॉक्सीने जागेवर चिकटवून वर नट लावून दिले होते. बिलात तेही ‘सोडवले’ होते, प्रत्येकी 350.

आणखी एक नुकसान पैशांत मोजता येत नाही. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी होते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शेलच कापलं असेल तर पुढे काय उत्तर द्यायचं?

गाडी टाकण्याआधी कामाच्या कागदावर लेखी घ्या की मालकाच्या परवानगीशिवाय गॅस कटर लावायचा नाही. प्रति नग दर असेल तर कोणता बोल्ट, कुठला, हे नावानिशी लिहून घ्या, आणि गाडी सोपवताना प्रत्येकावर रंगाचा ठिपका देऊन फोटो काढा. परत येणाऱ्या बोल्टवर किंवा त्याच्या तुटक्या तुकड्यावर तो ठिपका दिसला पाहिजे. निघाला नाही म्हणून कापला, तर कापलेला तुकडा मागा. गॅरेजवाला प्रामाणिक असेल तर तो जपून ठेवतोच. कोटिंग मारायच्या आधी गाडी रॅम्पवर घेऊन स्वतः बघायची, हा मुद्दा सोडूच नका. आणि फडक्यात गुंडाळलेला चुंबक फिरवा : जिथे धरत नाही तिथे खाली पुटी आहे.

मेस्त्रींनी पाहणीचा लेखी अहवाल दिला, खरवडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसकट आहेत, पिशवी तशीच बंद ठेवली आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजला वकिलामार्फत नोटीस गेली. उत्तर आलं, ‘गाडी जुनी होती.’ आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कुणाकडे असंच बिल, असेच फोटो असतील तर ते डिलीट करू नका. मुदत संपण्याआधी तक्रार करा.